बिनतोंडाचे पेरू

खातूनबी बागवान या बाईवर अन्याय झाला तो आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या तिसऱ्या सोमवारी, दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना. अन्याय मी केला. एका शब्दानं केला. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक तपासणीची वेळ वहीत लिहायची सक्ती होती, म्हणून मिनिटासकट सांगता येतं.

संपादकांनी मला ‘नोकरीतल्या गमतीजमती’ लिहायला सांगितल्या होत्या. एक गंमत आहे, ती सांगते. पण ती गंमत नव्हती हे मला फार उशिरा कळलं, आणि तुम्हालाही ती हसून सोडून देऊ देणार नाही.

आधी काम समजून घ्या. मी चार वर्षं फळं तपासली. कोल्हापुरात एका खाजगी संस्थेची एका खोलीची प्रयोगशाळा होती. संस्था आता नाही. त्या खोलीत हल्ली सायकली दुरुस्त होतात. फळात क जीवनसत्त्व किती आहे ते काढायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच काम. लोकांना वाटतं त्याला मोठमोठी यंत्रं लागतात. चाकू लागतो, खल लागतो, मलमलीचं फडकं लागतं, खुणांची उभी काचेची नळी, म्हणजे ब्युरेट, लागते आणि एक निळा रंग लागतो. फळाची फोड आम्लात वाटायची, गाळायची, रस काचेच्या भांड्यात घ्यायचा. वरून नळीतला निळा रंग थेंबाथेंबानं सोडायचा. थेंब रसात पडला की क्षणभर गुलाबी होतो आणि विरून जातो, कारण रसातलं जीवनसत्त्व त्याचा रंग काढून घेतं. जीवनसत्त्व संपेपर्यंत थेंब असे नाहीसे होत राहतात. संपलं की पुढचा थेंब गुलाबीच राहतो. हलवा, फिरवा, जात नाही. मग थांबायचं आणि नळीवरची खूण वाचायची. जेवढा रंग गेला त्यावरून जीवनसत्त्वाचा हिशेब.

आमच्या खोलीत याला ‘खाणं’ म्हणत. “लिंबानं किती खाल्लं?” आणि गुलाबी टिकला की ‘मेलं’. “मेलं का?” “मेलं.” म्हणजे तपासणी संपली, बस्स. उत्तमातला उत्तम आवळासुद्धा शेवटी मरायचाच. माझ्या आधी तिथं काम करणाऱ्या कुणीतरी पाडलेले हे शब्द. मी ते पहिल्याच आठवड्यात उचलले आणि त्यांत काही वावगं आहे हे विसरून गेले.

आता ती गंमत. एके दिवशी एक पावणं रुमालात लिंबू बांधून आले. लिंबाला कुंकू, मधोमध टाचणी. दारात उतारा सापडला होता त्यांना. म्हणाले, “ह्यात काय घातलंय तेवढं बगा.” आम्ही तसलं बघत नाही असं सांगितलं. ते बाकावर बसले ते उठेनात. शेवटी मी लिंबू कापलं आणि जे बघता येतं ते बघायला घेतलं. लिंबू ताजं होतं, थेंबामागून थेंब विरत होता. सवयीनं मी बोलून गेले, “अजून खातंय की!”

पावणं ताडकन उभे. “खातंय? काय खातंय? कुणाला खातंय?”

“रंग खातंय ओ. बसा.”

ते बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि माझ्या हाताकडं बघत राहिले. थोड्या वेळानं गुलाबी टिकला. मी म्हणाले, “मेलं.”

“नक्की मेलं?”

“नक्की.”

त्या माणसानं उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घातल्या, परत आत आला, मला हात जोडले आणि गेला. आम्ही आठवडाभर हसलो. आमचे शब्द बाहेरच्या कानात काय होऊन पडतात हे तो माणूस आम्हाला फुकट शिकवून गेला होता. आम्ही शिकलो नाही. हसलो.

दुसरी गोष्ट समजून घ्या, ती हवेची. आमच्या भिंतीवर काचेत घालून एक तक्ता लावलेला होता. आवळा, पेरू, लिंबू, पपई. प्रत्येकापुढं एकेक आकडा. फळ त्या आकड्याच्या फार खाली गेलं की ‘अपुरे’ असा शेरा मारायचा. तक्त्यात महिन्याचा रकाना नव्हता. पाऊस किती, ऊन किती, झाड डोंगरावर की खोलगटात, याला जागाच नव्हती. जणू पेरू म्हणजे साबणाची वडी, कारखान्यातून सारख्याच मापाची बाहेर पडते.

फळ उन्हावर तयार होतं. पान उजेडातून साखर करतं आणि त्या साखरेतूनच फळात हे जीवनसत्त्व उभं राहतं. दिवस लख्ख आणि रात्र गार असली की पेरू भरतो. म्हणून थंडीतला पेरू वेगळा आणि पावसाळ्यातला पाणचट पेरू वेगळा. एकाच झाडाचे, एकाच माणसानं तोडलेले पेरू मी पावसात आणि थंडीत तपासले आहेत. दोन वेगळी फळं तपासावीत इतका फरक. मी हे आमच्या साहेबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, “तक्ता म्हणजे तक्ता, सुजाता.” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीही नोंद इथं करते.

आणि त्या वर्षी दिवाळीनंतर आभाळ आलं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा नाही. राखेच्या रंगाचं एक झाकण गावावर कुणीतरी ठेवलं आणि काढायचं विसरला. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, त्यांना गोठ्याचा वास येऊ लागला. कोंबड्या भरदुपारी खुराड्याकडं चालू लागायच्या, अर्ध्यात थांबायच्या. मी सायकलवरून जाताना एकदा खाली बघितलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग लक्षात आलं, सायकलला सावली नव्हती. मला नव्हती. पुढं चाललेल्या म्हशींना नव्हती. पंधरा दिवस कोल्हापुरात कुणाची सावली पडली नाही.

त्या पंधरा दिवसांतला तो सोमवार. शहराबाहेर क्षयरोगी बायकांचा एक लहान धर्मादाय दवाखाना होता. प्रत्येक बाईला रोज एक पेरू द्यायची तिथं पद्धत होती. पेरू खातूनबी पुरवायची. दर महिन्याला दवाखान्याचा कारकून, नलवडे त्याचं नाव, तिच्या पाटीतले वरचे काही पेरू उचलायचा, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी खळीनं चिकटवायचा, शिक्का मारायचा आणि आमच्याकडं आणायचा. आजवर कधी अडचण आली नव्हती.

खोलीत इतका कमी उजेड होता की भांड्याखाली पांढरा कागद धरून रंग बघावा लागत होता. मी पहिल्या पेरूचा रस घेतला, थेंब सोडू लागले. काही थेंब विरले. मग एक विरला नाही. मी भांडं फिरवलं. गुलाबी तसाच. पुन्हा फिरवलं. त्या मळकट उजेडात तो रंग भांड्याच्या तळातून माझ्याकडं बघत असल्यासारखा वाटला. हे फार लवकर होतं. दुसरा पेरू घेतला. तेच. तिसरा, तेच. मी वहीत वेळ लिहिली आणि मोठ्यानं म्हणाले, “खातूनबीचं मेलं की हे! सगळंच मेलं!”

दारात नलवडे उभा होता. “मेलं?” त्यानं विचारलं.

“हो, मेलं. संध्याकाळी अहवाल न्या.”

एवढंच. त्याला समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. मला डबा उघडायचा होता.

नलवडेनं ते दवाखान्यात जाऊन सांगितलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. लॅबवाली बाई म्हणाली, सगळे पेरू मेलेले आहेत, असं त्यानं जसंच्या तसं सांगितलं. बुधवारी वॉर्डातली एक बाई गेली. तो क्षयाचा दवाखाना होता, तिथं बायका जायच्या. पण हिच्या उशाशी अर्धा खाल्लेला पेरू होता.

मी शुक्रवारी दवाखान्यात गेले ते नमुने ठेवायला दिलेल्या आमच्या बरण्या परत आणायला. फाटकातूनच दिसलं. वॉर्डाच्या प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर पेरू ओळीनं मांडलेले. बायकांनी ते खाल्ले नव्हते आणि फेकलेही नव्हते. फेकायला हात लावावा लागला असता. रोजचा पेरू आला की बशी कलती करून कट्ट्यावर घरंगळवायचा आणि पदराला बोटं पुसायची. हिरवट पिवळे, गुळगुळीत, टवटवीत पेरू, आणि त्यांच्या मागं जाळीच्या आड बायकांचे चेहरे. एकीनं मला ओळखलं. “तुमीच का ती? मेलेलं वळकनारी?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. आदर होता. तो अजून माझ्या अंगावर येतो.

शनिवारपर्यंत ते मंडईत पोचलं होतं. मी मुद्दाम एका भाजीवालीला विचारलं, खातूनबीचे पेरू कसे आहेत?

“त्या बागवानणीचं? नगं बाई. मेल्यात ती फळं.”

“फळं मरतात होय?”

“तर! कबरस्तानाच्या मातीवरची हाईत म्हनं. कापलं की आतनं निळं निघतंय.”

निळं! माझ्या नळीतला रंग बाजारात येऊन पेरूच्या पोटात शिरला होता. खातूनबीची बाग कबरस्तानापासून कोसभर लांब आहे. पण तिचं नाव खातूनबी होतं, एवढं कबरस्तान पुरेसं होतं.

मी कुठून आलेय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मला हे नवीन होतं. माझ्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली. त्याच्या आधीही आणि नंतरही माझ्या आईच्या हातचं पाणी न घेणारी माणसं मी आमच्या गावात बघितली आहेत. एखाद्याच्या हातातल्या वस्तूला काय चिकटवता येतं आणि ते धुऊन कसं निघत नाही, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तरी मी ते केलं. पांढरा कोट घालून केलं.

मंडईच्या मागच्या दारापाशी खातूनबी बसली होती. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा गेल्यावर बाग खंडानं घेऊन एकटीनं चालवत होती. तिच्या समोरची पाटी भरलेली. लोक तिच्याजवळ आले की अर्धवर्तुळ काढून पुढं जात होते, रस्त्यात खड्डा असल्यासारखे. मी नाव सांगितलं. मला वाटलं ही शिव्या घालेल. घातल्या नाहीत. म्हणाली, “बागंत ये. हितं काय बोलायचं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी कळंब्याच्या पुढं सायकल मारत गेले. तलावावरून धुकं उठून त्या खोलगटात भरलं होतं. बांधावर सायकल टेकवली आणि आत शिरले. झाडं दहा पावलांवरची दिसत होती, त्यापुढची नाही. पानापानावरून पाणी टपकत होतं. आणि काहीतरी नव्हतं. या वेळीही मला आधी कळेना. पेरूची बाग तुम्ही बघितली असेल तर माहीत असेल, पोपटांचा कालवा, टोचलेली फळं, रात्री वटवाघळांनी अर्धी कुरतडून टाकलेली फळं, त्यावरच्या माश्या, तो गोडसर आंबूस वास. तिथं यातलं काही नव्हतं. झाडं फळांनी लगडलेली आणि एकाही फळावर चोच नाही. जमीन स्वच्छ. वास नाही. आवाज नाही.

“पाखरू न्हाय,” माझ्या मागून खातूनबी म्हणाली. मी दचकले. ती कधी आली ते समजलं नव्हतं. “बारा-पंधरा दिस झालं. वाघळंबी न्हाईत. गोफण हातात घिऊन मी रोज येतो, उभा ऱ्हातो आन् जातो. आयुक्षात पयल्यांदा वाटलं, कुनीतरी या की रं. चोरायला तरी या.”

मी एका फळाला हात लावला. गार. टणक. हुबेहूब पेरू.

“बगतीस काय? फिरवून बग,” ती म्हणाली. “तोंड कुटं हाय सांग.”

“तोंड?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी ब्युरेट न ओळखणाऱ्या पोरीकडं बघेन. मग समजावलं. फळ झाडाला लटकलेलं असतं तेव्हा त्याची एक बाजू उन्हाकडं असते. ती बाजू जरा पिवळी, जरा लालसर होते. तिला ते लोक तोंड म्हणतात. पानांकडची, सावलीतली बाजू ती पाठ. पाटी भरताना फळ नेहमी तोंड वर करून ठेवायचं. गिऱ्हाइकाला पाठ दाखवायची नाही. तिची सासू तसं ठेवायची, आई तसं ठेवायची.

मी फळ फिरवलं. सगळीकडून एकसारखं. फिकट, हिरवट, निर्विकार. कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं काही कळेना. दुसरं बघितलं. तिसरं बघितलं. धुक्यात झाडाखाली उभी राहून मी फळामागून फळ फिरवत होते आणि एकालाही तोंड नव्हतं.

“न्हाय ना? ह्यास्नी ऊन दिसलंच न्हाय. आभाळानं तोंड फुटूच दिलं न्हाय ह्यास्नी,” ती म्हणाली. “असलं मी इकत न्हाय.”

झाडांमागं तिनं मला एक ढीग दाखवला. तोडलेल्या, बिनतोंडाच्या पेरूंचा, माझ्या कमरेएवढा. पंधरा दिवसांचा ढीग. त्यावर माशी नव्हती. या बाईनं जवळजवळ अर्धा माल कुणी न सांगता बाजूला काढला होता. दवाखान्याच्या पाटीत तिनं घातले होते ते फक्त पूर्वेच्या बांधावरच्या, शेंड्याच्या फांद्यांचे पेरू, जिथं सकाळी जरा उजेड पोचायचा. तोंड आलेले. निवडलेले.

“मग माझ्या तपासणीत ते का नाही उतरले?” मी विचारलं. खरं तर स्वतःलाच विचारलं.

खातूनबीनं पदरानं एक पेरू पुसला. “मला येक सांग. तू कापतीस कुटनं?”

मी तिच्या हातातला पेरू घेतला आणि उलटा केला.

मी खालून कापत होते. चार वर्षं. नलवडे पाटीतला पेरू उचलायचा आणि वरच्या बाजूला चिठ्ठी चिकटवायचा. वर तोंड. आमच्याकडं नियम असा की शिक्क्याची चिठ्ठी फाटता कामा नये. ती सालीसकट पुरावा म्हणून ठेवायची. म्हणून मी फळ उलटं करून खालच्या बाजूची फोड घ्यायचे. पाठीची. तिनं मान राखायला तोंड वर ठेवलं, त्यानं पुरावा म्हणून तोंडावर कागद चिकटवला, आणि मी कागदाची अब्रू जपायला पाठीत चाकू घातला. लख्ख उन्हाच्या वर्षी पाठीतही पुरेसं असतं, खपून गेलं. या वर्षी नाही खपलं.

तिनं मला बांधावरचे तीन पेरू दिले, ढिगातले तीन दिले. त्याच दुपारी मी एकटीनं तपासणी केली. बांधावरच्या पेरूचे दोन भाग केले, तोंडाचा एक आणि पाठीचा एक. दोन भांडी शेजारी ठेवली. पाठीच्या भांड्यात गुलाबी पटकन टिकला. तोंडाच्या भांड्यात थेंब पडत होते आणि जात होते, पडत होते आणि जात होते. एकच फळ. सकाळी एकाच फांदीवरून उतरवलेलं. खिडकीबाहेर तेच राखेचं आभाळ, खोलीत मी एकटी, आणि समोर एका फळाचे दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. दोन्ही भागांची सरासरी काढली. पेरू तक्त्यात बसत होता. ढिगातला बसत नव्हता, कुठूनही कापला तरी. म्हणजे त्या बाईनं नुसत्या डोळ्यानं निवड केली होती ती बरोबर होती. चुकला होता तो माझा चाकू.

सोमवारी साहेबांपुढं वही ठेवली. साहेब वाईट माणूस नव्हते. नंतर मी एक पत्रक काढलं, त्यात त्यांना वाईट लिहिलं. ते चूक होतं, ते फक्त घाबरलेले होते. त्यांनी दोनदा वाचलं.

“हे दुरुस्त करायचं तर चार वर्षांचं सगळं दुरुस्त करावं लागेल. प्रत्येक फळ आपण पाठीकडूनच कापलंय.”

“मग करूया.”

“आणि तो?” त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. “तो कुठल्या गावच्या फळांवरून केला? कुठल्या महिन्यात? कुठून कापून? माहीत आहे तुला?”

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आम्ही दोघं त्या काचेकडं बघत बसलो. काचेत आमचीच तोंडं दिसत होती, अंधुक, आकड्यांवर पसरलेली. मग साहेबांनी वही बंद केली. “अहवाल गेलाय, सुजाता,” ते म्हणाले.

दवाखान्यानं खातूनबीचा पुरवठा एका ओळीचं पत्र देऊन बंद केला. सोबत माझ्या सहीचा अहवाल. मी राजीनामा दिला की मला काढून टाकलं, यावर साहेबांचं आणि माझं अजून एकमत नाही.

मी गप्प बसले नाही. त्या वेळी आम्ही चार-पाच जण विज्ञानप्रचाराची पत्रकं काढत होतो. ग्रहणात जेवा, भानामती ही लबाडी आहे, असली. पत्रक कसं लिहायचं मला माहीत होतं. मोठा मथळा, छोटी वाक्यं, तीन रकाने नकोत, रंगीत कागद. ऊन, फळ, तोंड, पाठ, सगळं सोपं करून लिहिलं. मथळा मी स्वतः निवडला. जाड ठशात: ‘खातूनबीचे पेरू मेलेले नाहीत!’

मंडईच्या चारी दारांवर मी ते वाटलं. भिंतींवर चिकटवलं. शेजारच्या गावांच्या एसट्यांमध्येही दिलं.

आता तुम्ही तो मथळा चालत्या माणसाच्या डोळ्यानं वाचा. किंवा ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसरा कुणी अर्धवट वाचून दाखवतोय असं समजा. ‘खातूनबीचे पेरू मेलेले’ एवढं एका ओळीत मावलं होतं. ‘नाहीत’ खाली गेलं होतं. आणि ज्यांनी नीट वाचलं, त्यांनीही मान हलवून विचारलं, “नाहीत म्हणून छापायची पाळी का आली?”

खातूनबीला वाचता येत नव्हतं. तिनं ते शेजारच्या चुडीवाल्याकडून वाचून घेतलं. मी तिच्यापुढं उभी राहिले तेव्हा तिनं कागदाची घडी घालून पाटीखाली सारली. पाटी डुगडुगत होती, ती स्थिर झाली.

“पोरी,” ती म्हणाली, “ज्यास्नी ठावं न्हवतं त्यास्नीबी सांगितलंस की.”

मी तिथंच बसले. थोड्या वेळानं तिनं मला बाजूला सरकवलं, कारण मी उजेड अडवत होते.

आभाळ पुढं उघडलं. सावल्या परत आल्या. पोपट परत आले, बागेत कालवा सुरू झाला, पुढच्या वर्षीचा पेरू असा आला की त्याच्या तोंडावर तांबूस डाग पडले होते. बागेचं आजारपण गेलं. शब्दाचं गेलं नाही. चार वर्षं होत आली. दवाखाना आता पेरू दुसऱ्याकडून घेतो. कधी तोडलेला, कुठला, कोण विचारतं? खातूनबी अजून मंडईच्या मागच्या दारापाशी बसते. लांबच्या गावचे, काही माहीत नसलेले लोक तिच्याकडून घेतात. गावातली माणसं अजून ते अर्धवर्तुळ काढतात. लहान पोरांना तर का काढायचं हेही माहीत नाही. आई वळली म्हणून पोर वळते. खंडाचा करार या थंडीनंतर संपतोय. याही बहाराला माल असाच पडून राहिला तर बाग सोडायची, असं तिनं मला परवा सांगितलं. रडून नाही. पेरू मांडता मांडता.

मी आता तुम्हाला काही पटवून देणार नाही. मी दोनदा तोंड उघडलं, एकदा त्या शब्दासाठी आणि एकदा त्या पत्रकासाठी, आणि दोन्ही वेळा तिचं नुकसान केलं. मला तुमचं मत नको आहे, पत्र नको आहे, सहानुभूती नको आहे. तुम्ही कोल्हापुरात राहत असाल किंवा या थंडीत कोल्हापुरात येणार असाल, तर मंडईच्या मागच्या दाराशी जा. उंच बाई आहे, पाटी नीट लावलेली असते. एक पेरू मागा. घरी नेऊ नका. पिशवीत टाकू नका. लोक बघत असतील, बघू द्या. तिथंच तिच्यासमोर उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पहिला घास तोडा.

उद्या जा.